वाद्य जुने, वास पावसाळ्याचा

धान्याच्या आडतीवर बसणारा जुना जाणता व्यापारी पोते उघडले की आधी दाणे ओंजळीत घेऊन नाकाशी नेतो आणि मग डोळ्यांनी पाहतो. दाणा कितीही चमकदार असला तरी वखारीत पाणी शिरले होते की नाही, हे वासावरूनच कळते. कापडाच्या, मसाल्याच्या, सुक्यामेव्याच्या पेढीवरही हीच रीत. गंमत अशी की, मालाच्या बाबतीत इतके सजग असणारे हेच नाक मुलासाठी जुना कीबोर्ड विकत घेताना मात्र रजेवर जाते. सगळ्या पट्ट्या वाजतात का, पडद्यावर अक्षरे उमटतात का आणि भाव आणखी किती उतरेल, एवढेच पाहिले जाते. वाद्य घरी येते, पिशवीची चेन उघडली जाते आणि खोलीभर बंद माळ्याचा कुबट वास पसरतो.

जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांची उलाढाल आपल्या शहरांत बरीच मोठी आहे, आणि ती तशी असणे स्वाभाविकही आहे. मुलाला संगीताची गोडी लागेल की नाही याची खात्री नसताना नव्या वाद्यावर मोठी रक्कम घालण्यापेक्षा आधी वापरलेले घ्यावे, हा हिशेब चुकीचा नाही. यामाहा किंवा कॅसिओचा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड, गायनाच्या रियाझासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा, भक्तिसंध्येसाठी लहान अॅम्प्लिफायर अशा वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात सहज जातात. अडचण मधल्या काळाची असते. मूल दहावीला गेले की कीबोर्ड माळ्यावर चढतो आणि तीन-चार पावसाळे तिथेच काढतो. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर राहते. बंद पिशवीतील वाद्य ती आर्द्रता शोषून घेते, आणि पावसाळा संपल्यावरही आतला ओलावा बाहेर पडायला वाट मिळत नाही.

हा वास नेमका कशाचा, हे समजून घेतले तर पुढचे पुष्कळ निरर्थक कष्ट वाचतात. बुरशी आणि काही सूक्ष्म जीव वाढताना वायुरूप द्रव्ये सोडतात. ‘ऑक्टेनॉल’ नावाच्या एका द्रव्याला अळंबीसारखा वास असतो. ‘जिओस्मिन’ हे दुसरे द्रव्य ओल्या मातीच्या वासाचे. पहिल्या पावसानंतरच्या सुगंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव ऑस्ट्रेलियातील इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये दिले, आणि जिओस्मिन वेगळे करून त्याचे नामकरण 1965 मध्ये झाले. कनौजच्या गंध्यांनी हाच मातीचा गंध अत्तराच्या कुपीत कधीच उतरवला होता. जिओस्मिन ओळखण्यात माणसाचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते. हवेच्या अब्जावधी कणांत त्याचे मोजके कण असले तरी ते जाणवतात. त्यामुळे वास तीव्र आला म्हणजे वाद्य आतून पूर्ण सडले, असा अर्थ होत नाही. आणि उलट, वास मंद आहे म्हणून काही बिघडलेले नाही, असेही समजता येत नाही.

वास राहतो कुठे, हा खरा प्रश्न. वाद्याचे बाहेरचे टणक प्लास्टिक, धातूचा पत्रा, काचेसारखे गुळगुळीत सर्किट बोर्ड यांत वास फारसा मुरत नाही. तो मुरतो सच्छिद्र वस्तूंत. पट्टी दाबल्यावर खट्ट असा आवाज होऊ नये म्हणून खाली नमद्याची म्हणजे फेल्टची लांब फीत चिकटवलेली असते. काही ठिकाणी फोमचे तुकडे असतात. स्पीकरचा शंकू बहुधा कागदाचा असतो. जुन्या सिंथेसायझरचा आणि घरगुती ऑर्गनचा तळ पुष्कळदा लाकडी भुशाच्या दाबीव फळीचा असतो, आणि ती फळी पाण्याला अक्षरशः स्पंजासारखी वागते. या सर्वांवर वर्षानुवर्षांची धूळ बसते. धूळ म्हणजे केवळ माती नव्हे, त्यात कपड्यांचे तंतू आणि त्वचेचे सूक्ष्म कण असतात, आणि बुरशीला तेवढे अन्न पुरते. या सगळ्याहून अधिक दोषी असते ती पिशवी. तिच्यातील जाड फोमने वाद्याहूनही अधिक ओलावा प्यालेला असतो, आणि तिच्याच सोबतीचे पुठ्ठ्याचे खोकेही तसेच. कित्येकदा पिशवी आणि खोके दूर केले की अर्धे काम तिथेच होते.

मात्र प्रत्येक दुर्गंध कुबट नसतो, आणि येथे जाणत्या नाकाची कसोटी लागते. करपलेल्या प्लास्टिकचा वास आला तर आत काही तरी जळले आहे. ते वाद्य कारागिराने तपासेपर्यंत विजेला जोडू नये. तिखट, डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास उंदरांचा असतो. उंदराचे मूत्र तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतेच, शिवाय त्यातून लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाची भीती असते. असे वाद्य घ्यायचेच झाले तर हातमोजे घालूनच उघडावे, आणि कोरड्या ब्रशने झाडून ती धूळ हवेत उडवण्याऐवजी जंतुनाशकाने ओलसर केलेल्या कापडाने टिपून घ्यावे. सिगारेटच्या धुराचा वास चिकट पिवळट थराच्या रूपाने प्रत्येक पट्टीवर बसलेला असतो. आणि आणखी एक वास असा, ज्याने शाकाहारी घर चक्रावून जावे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बनलेल्या कित्येक यंत्रांतील छोटे कपॅसिटर गळू लागले की मासळीसारखा वास सुटतो. घरात मासळी कधी आलीच नाही, तरी वास कुठून, असा प्रश्न पडला तर वाद्य चालू न करता दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे. गळलेला द्रव बोर्डावर पसरला की नुकसान दरमहा वाढत जाते. जुन्या बॅटऱ्यांचेही तसेच. खालच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर ती गळतीची खूण समजावी.

म्हणून खरा निर्णय खरेदीच्या वेळीच व्हायला हवा. वाद्य बंद खोलीत नव्हे, तर गॅलरीत किंवा दारात आणवून पाहावे. पिशवी उघडून आत नाक नेण्यात संकोच कसला? बॅटरीचा कप्पा उघडावा, स्पीकरच्या जाळीपाशी आणि दोन पट्ट्यांच्या फटीपाशी वास घ्यावा. तळाच्या फळीवर बोट दाबून ती फुगली आहे का, कडेला भुगा सुटतो का, हे पाहावे. स्क्रूंवर गंज दिसला तर आत ओलावा पोहोचला होता, यात शंका नाही. वाद्याला उदबत्तीचा, अत्तराचा किंवा रूम फ्रेशनरचा भपकारा येत असेल तर भाव करण्याआधी सावध व्हावे. तांदळाच्या पोत्याला अत्तर लावून विकायला आणले तर कोणताही व्यापारी जे समजेल, तेच येथेही समजावे. आणि पट्ट्यांच्या खाली डोळ्यांना दिसेल अशी काळी, पांढरी किंवा हिरवी बुरशी वाढलेली असेल, तर स्वस्ताईचा मोह सोडून ते वाद्य तिथेच राहू द्यावे.

हा शेवटचा मुद्दा जैन घरात केवळ आरोग्याचा राहत नाही. ओलाव्यात उगवणारी पंचरंगी फुलण आपल्या परंपरेत अनंतकाय मानलेली आहे. इरियावहियं सूत्रातील ‘पणग’ हा शब्द तिच्यासाठीच येतो. चातुर्मासात पापड-खाखऱ्यांचे डबे, पिठाची भांडी, पाण्याच्या मोरीचा कोपरा यांच्याकडे घरातील स्त्रिया ज्या दक्षतेने पाहतात, त्या दक्षतेमागे हाच विचार असतो: उगवल्यावर पुसण्यापेक्षा उगवूच देऊ नये. विज्ञानाचे म्हणणेही याहून वेगळे नाही. हवेची आर्द्रता सतत 60 टक्क्यांच्या खाली ठेवली तर बहुतेक बुरशी वाढत नाही. 70 च्या वर गेली की तिला मोकळे रान मिळते. जयणेने राखलेले कोरडे घर वाद्यालाही मानवते.

आरोग्याची बाजू तरीही लहान नाही. कीबोर्ड शिकणारे मूल पट्ट्यांपासून हात-दीड हात अंतरावर तोंड करून रोज अर्धा-एक तास बसते. पट्टी दाबली गेली की आतली हवा आणि तिच्याबरोबर सूक्ष्म बीजाणू बाहेर ढकलले जातात. ज्या घरात कोणाला दम्याचा किंवा ॲलर्जीच्या सर्दीचा त्रास आहे, तिथे ‘थोडा वास येतो, जाईल हळूहळू’ हे उत्तर पुरेसे नाही.

आता प्रत्यक्ष काम. वाद्य घरी आले की ते लगेच विजेला जोडण्याचा उतावीळपणा टाळावा. पिशवी आणि खोके गच्चीवर न्यावे. पिशवी धुण्याजोगी असेल तर धुऊन कडक उन्हात वाळवावी. फोमला वास मुरला असेल तर ती टाकून नवी घ्यावी, त्यात काटकसर करू नये. वाद्य मात्र उन्हात ठेवू नये. प्रखर उन्हाने जुने प्लास्टिक पिवळे पडते आणि लांब पट्ट्या वाकतात. ते सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी, पंख्याखाली दोन दिवस राहू द्यावे. आधी एवढेच करून पाहावे. वास केवळ वरवरचा असेल तर दोन दिवसांत निम्म्याहून कमी होतो, आणि मग वाद्य उघडण्याची गरजच उरत नाही.

वास टिकून राहिला तर वाद्य उघडावे लागते. अॅडॉप्टरवर चालणारा साधा कीबोर्ड धीराने काम करणाऱ्या कोणालाही उघडता येतो. ज्याच्या पोटातच थेट विजेची तार जाते, असा जुना सिंथेसायझर किंवा अॅम्प्लिफायर मात्र घरी उघडू नये. त्यातील कपॅसिटर वायर काढल्यानंतरही विद्युतभार धरून ठेवतात, आणि व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. यामाहाचा 1983 चा डीएक्स-7 किंवा रोलँडचा 1984 चा जुनो-106 यांसारख्या वाद्यांत स्वरांच्या रचना जपून ठेवणारी छोटी बॅटरी आत असते. ती काढली की साठवलेले सगळे आवाज पुसले जातात. अशी वाद्ये आज हौशी संग्राहकांकडे चांगल्या किमतीला जातात, म्हणून ती जाणकाराच्याच हाती द्यावीत. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलँडच्या यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले होते. त्या पिढीची यंत्रे एखाद्या कपाटात सापडली, तर त्यांच्या वासावर घरगुती प्रयोग करून पाहण्यात शहाणपण नाही.

साधा कीबोर्ड उघडताना तो जाड चादरीवर पालथा ठेवावा आणि प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी बसला तर प्लास्टिकला भोक पाडतो. लहान डब्यांत किंवा कागदावर आकृती काढून ते मांडून ठेवावेत. काम गॅलरीत करावे, नाकावर एन-95 मास्क असावा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ सैल करत जावी आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी जवळ धरून ती तिथल्या तिथे ओढून घ्यावी. फुंकर मारून धूळ उडवली तर ती घरभर जाते आणि पुन्हा वाद्यावरच बसते.

पट्ट्या सुट्या होत असतील तर त्या कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुता येतात. त्यांच्याखाली असते ती करड्या रबराची लांब पट्टी, जिच्यावर काळे ठिपके असतात. त्या ठिपक्यांतूनच वीज वाहून स्वर वाजतो. रबर हलक्या हाताने धुवावे, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खळबळावे, पण काळे ठिपके घासू नयेत. ते झिजले की तो स्वर कायमचा मुका होतो. सर्व भाग एक दिवस पूर्ण वाळू द्यावेत. नमद्याची फीत आणि फोम यांना वास मुरलेला असेल तर ते सोलून काढावेत आणि त्याच जाडीची नवी फीत लावावी. जाडी बदलली तर पट्ट्या उंच-सखल दिसतात आणि हाताला वेगळ्या लागतात. इतर टणक भागांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगले. लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक बाजारात ते सहज मिळते. सर्किट बोर्डासाठी 99 टक्के शुद्धतेचे घ्यावे, कारण त्यात पाणी नसल्यासारखेच असते. ते कापडावर घ्यावे, वाद्यावर कधीही शिंपडू नये, आणि ज्या बाजूला अक्षरे छापलेली आहेत तिथे आधी एखाद्या कोपऱ्यात तपासून पाहावे. छपाई पुसली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. हे द्रव्य झटकन पेट घेते, म्हणून जवळ दिवा किंवा उदबत्ती नसावी.

स्वच्छ केल्यावरही मुरलेला वास काही दिवस रेंगाळतो. त्यासाठी वाद्याच्या मापाचे झाकणाचे खोके किंवा मोठी प्लास्टिकची पिशवी घ्यावी आणि तिच्यात अॅक्टिव्हेटेड चारकोलच्या कापडी पुरचुंड्या ठेवून ती दोन आठवडे बंद करावी. वास शोषण्यात चारकोलचा हात कोणी धरत नाही. खायचा सोडा पसरट वाटीत ठेवला तरी थोडा उपयोग होतो, पण तो वाद्याच्या आत भुरभुरवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. सोडा हा क्षार आहे. दमट हवेत तो धातूला खातो आणि बोर्डावर नको तिथे वीज वाहू देतो. सिलिका जेलच्या पुड्या ओलावा घेतात, वास घेत नाहीत. त्यांचे काम वेगळे.

काही उपाय तर उघड अपाय आहेत. डांबराच्या गोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते आणि त्यांचा स्वतःचा वास पुढे वर्षभर हटत नाही. धूप, उदबत्ती, अत्तर यांचा चिकट थर बटणांच्या संपर्कबिंदूंवर बसतो. ओझोन सोडणारी यंत्रे हॉटेलांच्या खोल्यांत वापरली जातात, म्हणून काही जण ती भाड्याने आणतात. ओझोनने वास जातो खरा, पण रबर तडकते, फोम भुरभुरतो, आणि श्वासात गेलेला ओझोन फुप्फुसाला इजा करतो.

लाकडी तळाची वाद्ये आणि अॅम्प्लिफायरच्या पेट्या यांना वेगळी शिक्षा भोगावी लागते. बाहेरचे रेक्झिन पुसले तरी आतले उघडे लाकूड वास सोडतच राहते. ते पूर्ण वाळल्यावर आतल्या बाजूने पारदर्शक लेप देऊन बंद करणे हाच टिकाऊ उपाय. पुष्कळ कारागीर यासाठी लाखेचे पॉलिश सुचवतात आणि ते गुणाने उत्तमही आहे. पण लाख हा किड्यांपासून मिळणारा पदार्थ आहे आणि ती गोळा करताना असंख्य जीव मरतात. तेव्हा पाण्यात विरघळणारा पॉलियुरेथेनचा लेप मागून घ्यावा. काम तेवढेच चोख होते, फक्त कारागिराला आधी सांगावे लागते.

एकदा वास गेला की तो परत येऊ न देणे सोपे आहे. वाद्य माळ्यावर चढवू नये, भिंतीला टेकवून ठेवू नये, जाड प्लास्टिकने गच्च झाकू नये. सुती चादर पुरे. काहीशे रुपयांत मिळणारे आर्द्रतामापक यंत्र खोलीत ठेवले की अंदाजाने बोलावे लागत नाही. पिशवीत सिलिका जेल ठेवावे. नारिंगी मणी हिरवे पडले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर एक-दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या मण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. एसीच्या थंड खोलीतून वाद्य दमट सभागृहात नेले तर त्यावर दव धरते. तासभर थांबून मगच ते सुरू करावे. आणि पावसाळ्यात ते रोज वाजवावे. चालू वाद्याची मंद ऊब आतला ओलावा बाहेर काढते, हे खरे; पण रोज उघडल्या जाणाऱ्या वस्तूला कुबटपणा धरायला वेळच मिळत नाही, हेही तितकेच खरे.

वास खरोखर गेला की नाही, याची परीक्षा करण्यातही एक बारकावा आहे. पंधरा दिवस त्याच वासाबरोबर काम केलेल्या नाकाला तो जाणवेनासा होतो. म्हणून वाद्य स्वच्छ पिशवीत एक रात्र बंद ठेवावे आणि सकाळी पिशवीचे तोंड उघडून वास घ्यायला अशा माणसाला बोलवावे, ज्याने ते वाद्य आधी पाहिलेलेच नाही. शेजारच्या गाळ्यातील मसाल्याचा व्यापारी मिळाला तर अधिक चांगले.